पाहुणा वादक आणि खुर्ची

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ते नाव कुठून आले हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. रिचर्ड राइट, जेम्स बॉल्डविन ही नावे आपल्या व्यासपीठांवरून नेहमी घेतली गेली. जाझविषयीही पुष्कळ बोलले गेले. परंतु काळ्या माणसांनी आणखी एक दार ठोठावले होते, तिकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. ते दार युरोपीय अभिजात संगीताच्या वाद्यवृंदाचे. ‘ते गोऱ्यांचे संगीत; त्यात यांनी शिरावेच कशाला?’ असे मला एका अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने विचारले होते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, एवढेच मी त्याला सांगितले. नाकारलेली गोष्ट आपल्याला हवी की नको, हे नाकारणाऱ्याने ठरवायचे नसते.

या वाद्यवृंदांचा कारभार कसा चालतो ते आधी पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. मोठ्या वाद्यवृंदात शंभराच्या आसपास वादक असतात आणि ते पगारी असतात. हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो, तो मे-जूनपर्यंत चालतो. दर आठवड्याला बहुधा नवा कार्यक्रम, आणि तोच तीन-चार संध्याकाळी. रसिक हंगामाची वर्गणी आगाऊ भरतात. कार्यक्रमाचा साचाही बराचसा ठरलेला: आरंभी एखादी छोटी रचना, मग कन्चेर्टो, मध्यंतर, शेवटी सिंफनी. कन्चेर्टो म्हणजे एकीकडे एकच वादक आणि दुसरीकडे सारा वाद्यवृंद, अशी सवाल-जबाबासारखी रचना. हा एकटा वादक वाद्यवृंदाचा नोकर नसतो. तो पाहुणा. येतो, दोन-तीन तालमी करतो, टाळ्या घेतो, पुढच्या गावी जातो. हंगामाच्या जाहिरातीवर छायाचित्र त्याचे असते, कारण तिकिटे त्याच्या नावावर खपतात. मागे बसलेल्या शंभर जणांची नावे कार्यक्रमपत्रिकेत आत कुठेतरी बारीक अक्षरांत. पण पगार, आजारपणाची रजा, निवृत्तिवेतन, आणि उद्या नवा माणूस घ्यायचा तर त्याविषयी मत, हे सारे त्या बारीक अक्षरांतल्या माणसाकडे असते. पाहुण्याकडे नसते.

आता न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा १९६२-६३ चा हंगाम घ्या. ही संस्था १८४२ साली स्थापन झालेली. लिंकन सेंटरमधले तिचे नवे सभागृह २३ सप्टेंबर १९६२ रोजी उघडले. कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइन. त्या संध्याकाळी जे पाहुणे गायक होते त्यांत अॅडेल अॅडिसन आणि शर्ली व्हेरेट या दोन काळ्या गायिका होत्या. पुढे जानेवारी १९६३ मध्ये आंद्रे वॉट्स नावाचा सोळा वर्षांचा मुलगा मुलांसाठीच्या कार्यक्रमात लिस्टचा पहिला पियानो कन्चेर्टो वाजवून गेला. त्याचे वडील काळे अमेरिकन सैनिक, आई हंगेरियन. त्याच महिनाअखेरीस नामांकित पियानोवादक ग्लेन गूल्ड आजारी पडला. ऐनवेळी या पोराला बोलावले गेले आणि सभागृह त्याच्यासाठी उभे राहिले. एका रात्रीत तो देशभर गाजला. २०२३ साली वारला तोवर वॉट्स हे मोठेच नाव होते.

हे सारे खरे आहे आणि आनंदाचेही आहे. पण त्याच १९६२ साली सॅनफर्ड अॅलन हा व्हायोलिनवादक फिलहार्मोनिकमध्ये कायम झाला. संस्थेच्या १२० वर्षांच्या आयुष्यातला तो पहिला काळा कायम वादक! मेरियन अँडरसन ही काळी गायिका याच वाद्यवृंदाबरोबर १९२५ सालीच गाऊन गेली होती. पाहुणी म्हणून आत यायला वाट होती. खुर्ची मिळायला आणखी ३७ वर्षे लागली. पाहुण्याच्या काळेपणाने व्यवस्थेचे काही बिघडत नाही, उलट तिची उदारता दिसते. खुर्चीवरचा काळा माणूस मात्र रोज शेजारी बसतो, त्याच फळीवरची स्वरलिपी वाचतो.

१९६९ साली आर्थर डेव्हिस (डबल बास) आणि अर्ल मॅडिसन (चेलो) या दोन काळ्या वादकांनी फिलहार्मोनिकविरुद्ध न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. तेव्हाही अॅलन एकटाच होता. आयोगाचा निकाल १९७० साली लागला. कायम जागांच्या बाबतीत भेदभाव सिद्ध होत नाही, असे आयोग म्हणाला. मात्र बदली आणि जादा वादक घेताना भेदभाव होतो, हे त्याने मान्य केले. ते वादक ओळखीपाळखीतून घेतले जात. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांत तासिका तत्त्वावर कोण लागतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यावर अधिक स्पष्टीकरण नको.

याच सुमारास पडद्याआडून परीक्षा घेण्याची रीत अमेरिकेत पसरली. उमेदवार पडद्यामागे वाजवतो, परीक्षकांना फक्त सूर ऐकू येतात. बाईच्या टाचांचा आवाज कळू नये म्हणून काही ठिकाणी जमिनीवर गालिचासुद्धा अंथरीत. हा उपाय मला मनापासून आवडतो. आपल्याकडे आडनाव ऐकल्यावर ज्यांच्या कपाळावर आठी उमटते, त्यांच्यासमोर असा एक पडदा टांगावा असे कितीदा तरी वाटले आहे! पण पडदा कुठवर पुरतो, हे एलेन जोन्सच्या हकिगतीवरून कळते.

एलेन जोन्स हार्लेममध्ये वाढली. तिचे वाद्य टिंपनी, म्हणजे नगाऱ्याच्या कुळातले. (आपल्याकडे चामड्याचे वाद्य वाजवणे हे विशिष्ट जातींच्या गळ्यात मारलेले काम होते, तिकडच्या वाद्यवृंदात ती प्रमुख वादकाची, मानाची जागा. वाद्य तेच, चामडे तेच.) १९७२ साली पडद्याआडची परीक्षा जिंकून ती सॅन फ्रान्सिस्को सिंफनीत प्रमुख टिंपनीवादक झाली. पण नेमणूक कायम करण्याचे मत सहवादकांच्या समितीच्या हाती होते, आणि त्या मताच्या वेळी पडदा नव्हता. १९७४ साली समितीने तिला नाकारले. तिने दावा लावला, फेरमतदान झाले, पुन्हा नकार. दोन वर्षे जिचे वादन ऐकून रसिक खूश होते, तिच्यात समितीला एकाएकी उणिवा दिसल्या. पुढे ती त्याच शहरातल्या ऑपेराच्या वाद्यवृंदात १९९८ पर्यंत वाजवीत राहिली.

माझा एक अनुभव इथे सांगणे भाग आहे. एक महाविद्यालय मला दर १४ एप्रिलला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावी. शाल, श्रीफळ, टाळ्या. त्याच महाविद्यालयात राखीव जागेसाठी मी मुलाखत दिली, तेव्हा ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा पडून जागा रिकामी राहिली. पुढच्या एप्रिलला निमंत्रण पुन्हा आले. मी गेलोही. का गेलो, हे आजही मला धड सांगता येत नाही.

फिलहार्मोनिकची पुढची गोष्ट थोडक्यात. १९७८ ते १९९१ या काळात मुंबईचे झुबिन मेहता तिचे संगीत दिग्दर्शक होते. त्याचे आपल्याकडे कौतुक झाले, पण त्यांच्यासमोरच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. २०१४ साली अँथनी मॅगिल हा क्लॅरिनेटवादक तिथला पहिला काळा प्रमुख वादक झाला. आणि २०२० साली, १०६ जागांच्या त्या वाद्यवृंदात काळा वादक होता एक. १९६९ साली होता तेवढाच.

त्याच वर्षी तिकडे वाद पेटला की पडदाच काढून टाकावा. पडद्यामुळे बायकांना जागा मिळाल्या, काळ्यांना नाही. मला पडदा काढणे पटत नाही. पडद्यापर्यंत पोचण्याआधीच बहुतेक जण गळतात, हे पाहायला हवे. सहाव्या-सातव्या वर्षी हातात वाद्य लागते, खासगी शिक्षकाची फी लागते, आणि पुढे एकेका जागेच्या परीक्षेसाठी देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वखर्चाने जावे लागते. १९९७ साली स्थापन झालेल्या स्फिंक्स या संस्थेने २०१८ पासून इतर संस्थांच्या जोडीने काळ्या व लॅटिनो वादकांना या परीक्षांसाठी मार्गदर्शन आणि प्रवासखर्च द्यायला सुरुवात केली. हा खर्च थोडका नसतो. चेलोवाल्याला तर विमानात वाद्यासाठी शेजारचे दुसरे तिकीट काढावे लागते.