पत्र आलं ग्रहणाच्या आदल्या दिवशी
फौजी पेन्शनचे कागद : लेखांक ९

आमच्या सातारा भागात एका गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. अपशिंगे मिलिटरी. अशा मुलखात जवळजवळ घरटी माळ्यावर एक काळी ट्रंक सापडते. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, रँक, नाव. आत डिस्चार्ज बुक, एखादं मेडल, फॉर्मल ड्रेसमधला फोटो आणि कुणी न वाचलेले कागद.

अशीच एक ट्रंक, माजी जवान तात्यांची, २०२१ च्या दिवाळीत खाली आली. त्यांचे वडील त्याच वर्षी गेले होते, घर झाडायला काढलं होतं. डिस्चार्ज बुकाखाली एक खाकी सरकारी पाकीट निघालं. तात्यांच्या मुलानं आतल्या पत्राचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘काका, आज्ज्यानं बावीस वर्षं दडवून ठेवलं.’

रेकॉर्ड ऑफिसचं इंग्रजी पत्र, दीड पानाचं. तात्यांना १९९८ मध्ये फिट्स येतात म्हणून बोर्ड आऊट, म्हणजे मेडिकल बोर्डानं अयोग्य ठरवून फौजेतून कमी, केलं होतं. बोर्डानं विकलांगता २० टक्के धरली, पण पुढे शेरा मारला ‘एन.ए.एन.ए.’. आजार फौजेच्या नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीनं वाढलेलाही नाही, असा त्याचा अर्थ. (आमचे एक सुभेदार या शेऱ्याला सरळ ‘नाना’ म्हणतात. ‘आपल्या पेन्शनीत नाना आडवा आला,’ असं.) विकलांगता पेन्शनला दोन्ही गोष्टी लागतात, किमान २० टक्के आणि नोकरीशी संबंध. तात्यांची एकच भरली. क्लेम नामंजूर.

पत्र घरी पोचलं तेव्हा तात्या भोसरीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. वडिलांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं. वाचणाऱ्यानं ‘रिजेक्टेड’ या शब्दापर्यंत वाचलं आणि सांगितलं, ‘नाही म्हणालेत.’ नाही म्हणालेत तर पोराच्या जिवाला आणखी घोर कशाला, म्हणून त्यांनी पाकीट ट्रंकेत टाकलं.

अशी पत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. कामाची ओळ बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात असते: निर्णय मान्य नसेल तर हे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत अपील करता येईल. तिथवर कुणी वाचतच नाही. ‘मिळाल्यापासून’ हा शब्दही नीट बघा. पत्रावर छापलेली तारीख वेगळी आणि तुमच्या हाती पडल्याची तारीख वेगळी. मधले आठ-पंधरा दिवस तुमचे असतात, पण ते सिद्ध करायला पाकीट लागतं. पत्र जपून ठेवणारे पुष्कळ भेटतात. पाकीट मात्र चहाच्या भांड्याखाली जातं.

सहा महिने उलटले की सगळं संपलं, असं गावात धरून चालतात. तसं नाही. उशिरा केलेल्या अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज देता येतो. पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरणातही पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करण्याचा अधिकार आहे. मग गमावतो काय? पैसे. हे कळायला तरसेम सिंग यांचा खटला पाहावा लागतो.

तरसेम सिंग १९८३ च्या नोव्हेंबरात फौजेतून बोर्ड आऊट झाले आणि पेन्शन मागायला हायकोर्टात गेले थेट १९९९ मध्ये. एकट्या न्यायमूर्तींनी पेन्शन दिली, पण थकबाकी अर्ज करण्याआधीच्या फक्त ३८ महिन्यांची. वरच्या खंडपीठानं म्हटलं, नाही, पहिल्या दिवसापासूनची द्या. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २००८ च्या ऑगस्टात निकाल आला: हक्क जिवंत आहे, कारण पेन्शन दर महिन्याला द्यायची असते आणि न दिलेला प्रत्येक महिना म्हणजे नव्यानं झालेला अन्याय. शिवाय एकाला पेन्शन दिल्यानं दुसऱ्या कुणाची सीनिऑरिटी किंवा बढती हलत नाही. पण मागची थकबाकी मागायची तर साधारणपणे तीनच वर्षांची. म्हणजे सोळा वर्षांतली जवळपास तेरा वर्षं पाण्यात गेली.

हा निकाल मला पटतो आणि सलतोही. सरकारी तिजोरीला वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब एकदम मागायचा नाही, हे समजू शकतं. पण इंग्रजी पत्र एका शेतकऱ्याच्या दारात टाकून घड्याळ सुरू करणारं तेच सरकार, आणि उशिराचा भुर्दंड मात्र फक्त एका बाजूला.

कायद्यापेक्षा मोठी भीती दुसरीच आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. ज्यांना पेन्शन लागू नाही अशा जवानांचे सर्व्हिसचे कागद रेकॉर्ड ऑफिस पंचवीस वर्षं ठेवतं, त्यानंतर ते नष्ट होतात. मग तुमचं म्हणणं कितीही खरं असो, बोर्डाचा कागद ना तुमच्याकडे, ना त्यांच्याकडे. तात्यांचे पंचवीस भरणार होते २०२३ मध्ये. म्हणून अपिलाचा मसुदा बाजूला ठेवून आधी माहिती अधिकारात मेडिकल बोर्डाच्या पूर्ण कागदांची प्रत मागवली. दोन महिने गेले, पण प्रत आली. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट झोपलो.

त्या प्रतीत एक ओळ कामाची होती: भरतीच्या वेळच्या तपासणीत फिट्सची काहीच नोंद नव्हती. धरमवीर सिंग यांच्या २०१३ च्या खटल्यात हाच मुद्दा होता. ते १९८५ मध्ये भरती झाले, १९९४ मध्ये फिट्समुळेच बाहेर पडले, विकलांगता २० टक्के आणि शेरा तोच, नाना. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस ठणठणीत होता असं धरायचं, आणि आजाराचा नोकरीशी संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. मुलगा हे वाचून उडालाच. त्याला समजावलं की हा निकाल तात्यांच्या हक्काच्या बाजूनं आहे, उशिराच्या नाही. नवा निकाल आला म्हणून जुना उशीर आपोआप माफ होत नाही.

उशिराचा अर्ज वेगळा लिहावा लागतो आणि तो अर्ज कमी, हकीकत जास्त असतो. पत्र कधी आलं, कुणी घेतलं, तुम्ही तेव्हा कुठे होतात, तुम्हाला कधी कळलं, कळल्यावर किती दिवसांत काय केलं. ‘आजारी होतो’ एवढ्यानं भागत नाही. कधीपासून कधीपर्यंत, कुणाचं औषध, कागद कुठे आहे, हे सांगावं लागतं. १९८७ मध्ये काश्मीरमधल्या एका भूसंपादनाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की प्रत्येक दिवसाचा उशीर समजावा याचा अर्थ प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा हिशेब मागावा असा नाही. तिथे उशीर होता चार दिवसांचा, आणि उशीर झालेला पक्षकार होता सरकार! असो. पाठवायचं ते स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती डिस्चार्ज बुकाला टाचून ठेवा. जुनं रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच गेलंय.

आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात शहाणी माणसंही पडतात. अपील पाठवलं, पोच मिळाली, उत्तर नाही. माणूस वाट बघत बसतो. न्यायाधिकरणाचा २००७ चा कायदा मात्र म्हणतो, सहा महिने उत्तर आलं नाही तर दाद मागण्याचा तो रस्ता संपला असं धरा, आणि तिथून पुढच्या सहा महिन्यांत आमच्याकडे या. सरकार गप्प बसलं तरी दुसरं घड्याळ चालूच असतं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी खंडपीठ मुंबईत आहे. तात्यांच्या अपिलालाही उत्तर आलं नाही. त्यांच्याकडून मी कॅलेंडरवर लाल पेनानं या दोन्ही मुदतींच्या तारखा लिहून घेतल्या.

मुंबईला कागद जायच्या आदल्या रात्री मुलानं पाकीट माझ्यासमोर धरलं. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं, वळणदार जुन्या अक्षरात आजोबांनी लिहिलं होतं: ‘ग्रहणाच्या आदल्या दिवशी आले.’ ११ ऑगस्ट १९९९ चं ते सूर्यग्रहण सगळ्यांनाच आठवत होतं. म्हणजे पत्र १० ऑगस्टला पोचलं, मुदत फेब्रुवारी २००० मध्येच संपली, आणि पुरावा आमच्याच हातात.

‘काका, हे जोडलं नाही तर? पत्र आलंच नाही म्हणता येईल.’

तात्या कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, ‘आण इकडं.’ पाकीट हातात घेऊन त्यांनी ते अक्षर बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘बापाचं अक्षर हाय. पत्र त्यानं घेतलं, म्या न्हाई, हेच तर सांगायचं हाय न्हवं आपल्याला?’

दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली. पेन्सिल फिकट होती, म्हणून मशीन दोनदा गडद करावं लागलं. पाकीट जोडलं, पान १४.