नमुना आणि ढीग: घनकचऱ्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

घनकचरा व्यवस्थापन म्हणजे घंटागाड्या, कचराकुंड्या आणि गावाबाहेरची एखादी जागा, असा सर्वसाधारण समज आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने मात्र या कामाची सुरुवात वजनकाट्यापासून होते, कारण कचऱ्यात कोणता घटक किती आहे हे कळल्याशिवाय खतप्रकल्प हवा की भट्टी, गाड्या किती आणि केवढ्या लागतील, भरावासाठी किती जागा राखावी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. आणि शहराचा सगळा कचरा निवडून मोजणे अशक्य असल्यामुळे संपूर्ण ढिगाचे गुणधर्म ज्याच्यात उतरले आहेत असा लहान अंश, म्हणजेच प्रातिनिधिक नमुना, घ्यावा लागतो. कचऱ्याविषयीचे कितीतरी गैरसमज या नमुन्याकडे झालेल्या दुर्लक्षातून आले आहेत.

पहिला गोंधळ शब्दांतच आहे. ‘ओला कचरा’ म्हणजे जैवविघटनशील, अर्थात जिवाणू आणि बुरशी ज्याला कुजवू शकतात असा कचरा. त्याचा ओलाव्याशी थेट संबंध नाही. ओलावा किंवा आर्द्रता म्हणजे वजनातील पाण्याचा हिस्सा, आणि तो नमुना सुमारे १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, घटलेल्या वजनावरून काढतात. म्हणून कांद्याची करकरीत वाळलेली साले ओल्या कचऱ्यात जातात, तर पावसात निथळणारी प्लास्टिकची पिशवी सुक्या कचऱ्यातच राहते.

ढीग पाहणाऱ्याला कचरा बहुतांशी प्लास्टिकचाच आहे असे वाटते, परंतु डोळ्यांना आकारमान दिसते, वजन दिसत नाही. भारतीय शहरांच्या कचऱ्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा जैवविघटनशील घटकांचा, साधारणपणे निम्म्याच्या आसपास असतो. प्लास्टिक वजनाने त्याच्या कितीतरी मागे असूनही हलके आणि फुगीर असल्यामुळे जागा अधिक व्यापते. दोन्ही मापे आपापल्या जागी आवश्यक आहेत, कारण गाडी आकारमानाने भरते आणि खताचा हिशेब वजनाने होतो. नाले तुंबवण्याची प्लास्टिकची क्षमता यांपैकी कोणत्याच मापात उतरत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

नमुना घेणे म्हणजे ढिगातून चार फावडी उचलणे, हा समज सर्वांत घातक आहे. धान्याच्या पोत्यात बांबी खुपसून काढलेले मूठभर दाणे पोत्याविषयी बरेच काही सांगतात, कारण दाणे एकसारखे असतात. कचऱ्यात मात्र नारळाची करवंटी, राख, चिंध्या, औषधाची बाटली आणि शिळा भात शेजारी शेजारी असतात, शिवाय ढिगाच्या उतारावरून जड आणि गोल वस्तू घरंगळून तळाशी जातात व माती मधोमध साचते. म्हणून गाडीतील माल सपाट जागेवर ओतून, चांगला कालवून त्याचा शंकूच्या आकाराचा ढीग करतात, तो दाबून पसरट करतात, त्याचे चार समान भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग काढून टाकतात आणि उरलेले दोन पुन्हा कालवतात. ही चतुर्विभाजन पद्धत होय. प्रत्येक फेरीत माल निम्मा होतो, त्यामुळे ८०० किलोंचे तीन फेऱ्यांत १०० किलो उरतात. आणि प्रत्येक पाचरीत मधला बारीक व कडेचा जाड असे दोन्ही प्रकारचे घटक येत असल्यामुळे मूळ प्रमाण बिघडत नाही. अमेरिकेतील प्रचलित मानकात हाताने निवडण्याच्या नमुन्याचे वजन ९१ ते १३६ किलो सांगितले आहे. त्याहून मोठा नमुना घेतल्याने अचूकता फारशी वाढत नाही, नमुन्यांची संख्या वाढवल्याने मात्र वाढते. बॅटरीसारखा विरळ घटक एका नमुन्यात सापडेल, दुसऱ्यात सापडणार नाही. त्याचे प्रमाण ठरवायला अर्थातच अधिक नमुने लागतात.

एकदा मोजले की काम झाले, असेही नाही. आठवड्याचे वार, पावसाळा, आंब्याचा मोसम, गणेशोत्सवातील निर्माल्य, या प्रत्येकाने कचऱ्याचे स्वरूप पालटते. नमुना कोठे घेतला यालाही तितकेच महत्त्व आहे, कारण घराच्या दारातून निघालेला कचरा डेपोवर पोहोचेपर्यंत कागद, धातू आणि चांगले प्लास्टिक वाटेतच काढून घेतले जाते. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करतात व त्यातील विकाऊ माल वेगळा करतात. तेव्हा केवळ डेपोवरच्या नमुन्यावरून नागरिक कागद कमी वापरतात असा निष्कर्ष काढणे म्हणजे या माणसांचे श्रम हिशेबातून पुसून टाकणे होय.

कचरा जाळून वीज केली की प्रश्न मिटतो, या समजाचे उत्तर दिल्लीतील तिमारपूरने दिले आहे. तेथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर, दररोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॉट वीज निर्माण करण्याचा प्रकल्प उभा राहिला आणि थोड्याच काळात बंद पडला, कारण आलेल्या कचऱ्याचे उष्मांक मूल्य, म्हणजे एक किलो कचरा जळताना मिळणारी उष्णता, रचनेत गृहीत धरलेल्या मूल्यापेक्षा फार कमी निघाले. एक किलो पाण्याची वाफ होण्यासच सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात. अन्नाचे अवशेष, माती आणि राख यांनी भरलेला कचरा स्वतःच्या बळावर जळत नाही. पुढे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत, १५०० किलोकॅलरी प्रति किलो किंवा अधिक उष्मांक मूल्य असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा भरावात टाकू नये अशी तरतूद करण्यात आली, आणि तिचे पालन नमुना तपासल्याशिवाय होऊच शकत नाही.

पुरलेला कचरा यथावकाश मातीत मिसळतो, हा समजही उत्खननाने खोटा ठरवला. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजी यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात पुढे जुने भराव खणून पाहिले, तेव्हा कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येतील अशा अवस्थेत मिळाली, कारण दाबलेल्या थरांत हवा आणि पाणी पुरेसे पोहोचत नाही. ओल्या कचऱ्याचे जे विघटन अशा थरांत प्राणवायूविना होते, त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निघतो, आणि झिरपणारे दूषित पाणी भूजलात उतरते. मुंबईत १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली.

उष्मांक मूल्य मोजणाऱ्या बाँब कॅलरीमीटर या उपकरणात वाळवून दळलेला जेमतेम एक ग्रॅम कचरा जाळला जातो, आणि त्या एका ग्रॅमच्या आधारे शेकडो टनांच्या भट्टीचे भवितव्य ठरते. म्हणून आपल्या शहरात नव्या कचरा प्रकल्पाचा अहवाल मांडला जाईल तेव्हा नागरिकांनी खर्चाच्या आकड्यांआधी नमुने कोठे, कोणत्या ऋतूंत आणि किती घेतले ते पान उघडून पाहावे, आणि ते पान नसेल तर त्याची मागणी करावी.