दोघांचे खाते

व्यापारी घराच्या रोजमेळात पाहुणचार, देणगी, आहेर यांची नोंद असते; पती-पत्नीने एकत्र घालवायच्या वेळेसाठी मात्र खाते नसते. ‘उरले तर जाऊ’ म्हणणाऱ्यांचे सहसा काहीच उरत नाही. कोल्हापूरच्या दांपत्याने महिन्यारंभी ३०० रुपये बाजूला काढले तरी पुरे. सूर्यास्तापूर्वी घरीच जेवण आटोपले की हॉटेलचा खर्च आपोआप टळतो. मग रंकाळ्याच्या काठाने शालिनी पॅलेसपर्यंत निवांत चालावे. सुट्टीच्या सकाळी डबा घेऊन एस.टी.ने पन्हाळा गाठावा. अंतर सुमारे २० किलोमीटर. खरी अडचण पैशांची नाही, दुकानाची आहे. तेवढा वेळ गल्ल्यावर धाकट्या भावाला बसवावे, आणि वाटेत उधारी-वसुलीचा विषय दोघांनीही काढू नये.