चला, शिवथरच्या घळीत!

मुलांनो, घळ म्हणजे काय, सांगा पाहू?

महाड सोडल्यावर आमच्या गाडीत हाच प्रश्न निघाला. एक जण म्हणाला, "गुहा!" दुसरी म्हणाली, "छे, डोंगरातली चिंचोळी दरी!" आणि मागच्या बाकावरचा सहावीतला एक बहाद्दर ओरडला, "घळाघळा पाणी वाहतं ती घळ!" गाडीभर हशा पिकला. पण तासाभराने शिवथरला पोचलो, तेव्हा लक्षात आलं की तिघांचंही उत्तर बरोबर होतं!

रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी शिवथर आहे. महाडपासून साधारण ३० किलोमीटर. बिरवाडीवरून भोरकडे जाणारा रस्ता धरायचा आणि मग डोंगराच्या कुशीत शिरायचं. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी शिवथर नावाची गावंच इथे तीन! सभोवती डोंगर असे उभे, की वर बघताना डोक्यावरची टोपी पडावी. वर पुणे जिल्हा आणि खाली आपलं कोकण.

श्रावण संपत आला होता. पाऊस उघडला होता, पण डोंगरावरून पांढरे ओहोळ अजून उतरत होते. पायऱ्या चढू लागलो आणि धबधबा दिसायच्या आधीच त्याचा आवाज कानांवर आला. वळण घेतलं आणि समोर प्रचंड कोसळणारं पाणी! बाजूनेच घळीत जायची वाट. आत शिरलो तर अंगावर गार शिरशिरी. डोक्यावर काळ्या दगडाचं छत, बाहेर पाण्याचा पडदा. शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागत होतं.

इथेच सांगितला दासबोध

घळीत समर्थ रामदासस्वामी आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या मूर्ती आहेत. समर्थ सांगताहेत आणि कल्याणस्वामी लिहून घेताहेत. परंपरा सांगते, की समर्थांनी 'दासबोध' इथे सांगितला. २० दशक, २०० समास आणि ७७५१ ओव्यांचा हा ग्रंथ. समर्थ या जागेला सुंदरमठ म्हणत. पुढे लोकांना या जागेचा विसर पडला. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थांच्या वाङ्‌मयाचा आयुष्यभर शोध घेतला. त्यांनीच १९३० साली ही घळ पुन्हा उजेडात आणली.

आमच्यातल्या एका मुलीला मोठी शंका आली. "काका, एवढ्या आवाजात कल्याणस्वामींना ऐकू कसं येत असेल हो?"

बघा, प्रश्न पडला तर असा पडावा! त्याचं उत्तर निसर्गातच आहे. धबधब्याचा हा दणका पावसाळ्याचा. पाऊस सरला, की धार बारीक होत जाते आणि घळ शांत होते. म्हणजे ही जागा समजून घ्यायची, तर आधी इथलं पाणी समजून घ्यायला हवं.

पाण्याची छिन्नी

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, अनेकदा! एक थर थंड झाला, की त्यावर दुसरा. घरात घावनांची चळत रचावी, तसा हा सह्याद्री रचला गेला. पण सगळे थर सारखे नाहीत. काही कठीण काळ्या कातळाचे, तर काही ठिसूळ. कुठे दोन थरांमध्ये तांबड्या मातीसारखा पट्टाही दिसतो.

आता वरून पाणी कोसळतं तेव्हा काय होतं? वरचा कठीण थर टिकून राहतो. खालचा ठिसूळ थर मात्र पाण्याच्या माऱ्याने, तुषारांनी आणि ओलीने झिजत जातो. हजारो वर्षं असं झालं, की वरचा कातळ छतासारखा पुढे राहतो आणि खाली पोकळी तयार होते. धबधब्यांमागच्या घळी अशा बनतात. पाणी हाच त्यांचा पाथरवट!

आणि पाणी तरी किती! अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या डोंगराच्या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. महाबळेश्वर याच डोंगररांगेत आहे. तिथे उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर आणि महाडवरून समुद्राला जाऊन मिळते.

ओल्या भिंतीवरचे बिऱ्हाडकरू

पाणी आलं, की मागोमाग बिऱ्हाडं आलीच. घळीबाहेरच्या कातळावर शेवाळ्याचा मऊ गालिचा होता आणि फटीफटीतून नेचे डोकावत होते. एक खेकडा आम्हाला पाहून तिरका तिरका पळाला. मध्येच कुणीतरी सुरेल शीळ घातली. मुलं एकमेकांकडे बघू लागली, "कोण रे शीळ वाजवतोय?" तो होता शीळकरी कस्तूर! हा निळसर काळा पक्षी ओढ्याकाठी राहतो आणि पावसाळ्यात माणसासारखी शीळ घालतो.

सह्याद्रीच्या अशा ओल्या जमिनीत देवगांडूळ राहतो. दिसतो गांडुळासारखा, पण असतो बेडकाच्या नात्यातला! जंगलात उंच झाडांवर शेकरू असते, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. आणि उतारांवर कारवी. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते. कोकणातले जुने कूड या कारवीच्याच काठ्यांचे असत.

सह्याद्रीतले कितीतरी बेडूक, खेकडे आणि वनस्पती जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. सपाटीवरच्या ऊनवाऱ्यात त्यांचा निभाव लागत नाही. समुद्रातलं बेट असावं, तसं त्यांना हे डोंगर म्हणजे बेट. बेट सोडून जायचं कुठे?

काळ्या नदीच्या घळी

बेटावरून आठवलं. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचं खरंखुरं बेट आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत मजुरी करायला भारतातून हजारो लोक तिथे गेले. त्यांत आपल्या कोकणातलीही माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते, बरं का!

त्या बेटावरही वारे डोंगराला अडतात, पाऊस पडतो, धबधबे कोसळतात. तिथलं सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या रायगडाएवढं. त्याच डोंगराळ भागात १९९४ साली एक राष्ट्रीय उद्यान झालं. नाव 'ब्लॅक रिव्हर गॉर्जेस'. मराठीत सांगायचं, तर काळ्या नदीच्या घळी!

पण हे उद्यान व्हायला फार उशीर झाला होता. माणसांनी बेटावरचं बहुतेक मूळ जंगल तोडलं होतं. डोडो हा न उडणारा पक्षी तर १६६२ नंतर कुणाला खात्रीने दिसलाच नाही. म्हणजे समर्थ रामदास हयात असतानाच तो जगातून नाहीसा होत होता! तिथलाच मॉरिशस केस्ट्रेल हा लहानसा शिकारी पक्षी. १९७४ मध्ये त्यांतले फक्त चार उरलेले माहीत होते. तेही याच घळींच्या कड्यांवर. शास्त्रज्ञांनी अंडी उबवली, पिल्लं वाढवली, रानात सोडली, तेव्हा कुठे ही जात वाचली. घळ राहिली म्हणून पक्षी राहिला.

आपल्याकडे २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांत महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. शिवथर त्या यादीत नाही. तेव्हा इथलं रान जपायचं, तर ते गावकऱ्यांनी आणि आपल्यासारख्या पाहुण्यांनीच.

आजोबांनी दिलेला धडा

घळ पाहून खाली उतरलो. ओढ्याच्या मधोमध एक मोठा सपाट धोंडा होता. पाणी घोट्याएवढंच. मुलांनी तिथे डबे खायचा बेत केला. दोघं तर उतरलेही! इतक्यात काठावर कणसं भाजत बसलेल्या एका आजोबांनी हाक मारली, "ए पोरांनो, मागं फिरा! तिथं नाय बसायचं."

"पण आजोबा, पाऊस कुठेय?"

"हितं नाय. वर बघा."

वर डोंगराचा माथा काळ्या ढगांत पार बुडाला होता. मुलं नाखुशीने काठावर आली. कणसं खात बसली. वीसेक मिनिटांनी एकीचं लक्ष गेलं. ओढ्याचं पाणी तांबूस झालं होतं. मग पालापाचोळा आला, काटक्या आल्या. आवाज वाढला. आणि बघता बघता तो सपाट धोंडा दिसेनासा झाला! आमच्यावर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.

आजोबा शांतपणे म्हणाले, "पाणी गढूळ झालं, पाला आला, का उठायचं. मग चप्पल र्‍हाऊ दे, डबा र्‍हाऊ दे."

मग ते २०२१ सालाबद्दल बोलले. त्या वर्षी २२ जुलैच्या सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे जवळजवळ दोन फूट उंच पाणी! महाड शहर पुरात बुडालं. याच महाड तालुक्यातल्या तळिये गावावर संध्याकाळी डोंगराची दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडींनी माणसं घेतली.

दरड का कोसळते? डोंगराच्या कातळावर मातीचा थर असतो. पावसाने तो भिजून जड होतो आणि आतल्या पाण्यामुळे त्याची पकड सुटते. झाडांची मुळं माती धरून ठेवतात, म्हणून उतारावरची झाडं तोडणं किंवा डोंगराचा पाया खणणं धोक्याचं. पण पाऊस असा अफाट झाला, तर झाडंही मातीसकट घसरतात. म्हणून झाडं लावायची आणि खुणाही ओळखायच्या. जमिनीला नव्या भेगा पडणं, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, डोंगरातून गडगड ऐकू येणं यांपैकी काहीही दिसलं किंवा ऐकू आलं, तर मोठ्यांना सांगायचं आणि तिथून निघायचं.

परतीच्या वाटेवर तो सहावीतला बहाद्दर म्हणाला, "काका, घळ पाण्यानेच केली, धबधबा पाण्याचाच, आणि दरडही पाण्यानेच पाडली!" खरंच की! डोंगरात जायचं, तर पाण्याशी ओळख हवीच.

शिवथरला जाताना

* मोठ्यांना बरोबर घेऊनच जा. अतिवृष्टीचा इशारा असेल, तर बेत पुढे ढकला.
* पुण्याकडून वरंधा घाटाने येणार असाल, तर घाट सुरू आहे का, ते आधी विचारा. पावसाळ्यात दरडींमुळे तो अनेकदा बंद असतो.
* कठडा ओलांडू नका. शेवाळ्यावर पाय हमखास घसरतो.
* प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या परत घरी न्या. खेकडे, बेडूक आणि फुलं मात्र तिथेच राहू द्या.

आणि हो, तुमच्या गावाजवळही एखादा ओढा असेलच. तो कुठून येतो, कुठे जातो, गढूळ कधी होतो, ते वहीत टिपून ठेवा. काय काय दिसलं, ते आम्हाला पत्राने नक्की कळवा!