डिस्क दिसते, पण उघडत नाही
(घरचा संगणक : भाग ९)

सुरतेची साडी रिंग रोडच्या मार्केटात विकली जाते, पण तिची नक्षी तयार होते पांडेसरा, उधना, लिंबायतमधल्या छोट्या खोल्यांत, संगणकावर. डिजिटल प्रिंटची एकेक टिफ फाइल शेकडो एमबींची. एम्ब्रॉयडरी मशीनच्या डीएसटी फाइली त्या मानाने चिमुकल्या, पण असतात हजारोंनी. हा सगळा ऐवज बहुतेकदा एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये असतो आणि ती डिस्क डिझायनर ते प्रिंटवाला अशी स्कूटरच्या डिकीतून हिंडत असते. या वस्त्यांत खानदेशातून आलेली मंडळी भरपूर, त्यामुळे ‘भाऊ, डिस्क लावली पण उघडतच नाही’ ही तक्रार इथे मराठीतूनही ऐकू येते.

डिस्क मुळात दिसतच नसेल, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. छोटी, अडीच इंची डिस्क यूएसबीतून मिळणाऱ्या विजेवरच फिरते. जुना २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. कॅबिनेटच्या पुढचा सैल पोर्ट, लांबलचक केबल किंवा हब मध्ये आला की डिस्क घरघरते आणि गप्प होते. म्हणून ती थेट मागच्या पोर्टला, दुसऱ्या आखूड केबलने लावून पाहा. मग विंडोज आणि एक्स ही बटणं एकदम दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे डिस्क आहे, फक्त तिला ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नाही, असं निघालं तर राइट क्लिक करून अक्षर द्या. त्याने फाइलींना धक्का लागत नाही.

खरी गोची दुसऱ्या प्रकारात आहे. डिस्क दिसते, क्लिक केलं की विंडोज म्हणतं : वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं, आणि घाईच्या वेळी बोट नेमकं ‘फॉरमॅट’कडे जातं. फाइली कुठे आहेत याची नोंदवही विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्या निरोपाचा अर्थ. फाइली बहुधा जागच्या जागी असतात. कॉपी चालू असताना केबल ओढली किंवा वीज गेली, की असं होतं. मॅकवर फॉरमॅट केलेली धडधाकट डिस्क विंडोजला लावली, तरी हाच निरोप येऊ शकतो. ‘कॅन्सल’ करा.

इथे जो तो ‘चेकडिस्क चालव’ असा सल्ला देतो. मला तो पटत नाही. विंडोजमधलं चेकडिस्क ती नोंदवही जुळवतं, तुमच्या फाइलींशी त्याला कर्तव्य नसतं. जुळवताना ते डिस्कवर लिहितंही. आधी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची प्रकृती पाहा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्यावरून वर सरकला असेल, तर डिस्क थकली आहे. मग लिनक्सवरच्या ‘डीडीरेस्क्यू’ने तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ‘टेस्टडिस्क’, ‘फोटोरेक’ या डेटा परत मिळवणाऱ्या प्रोग्रॅमांचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. फोटोरेक फाइली परत आणतं, पण नावं आणत नाही. हजारो डिझाइनांतून गिऱ्हाइकाचं डिझाइन नजरेनेच शोधावं लागतं.

‘ॲक्सेस इज डिनाइड’ येत असेल तर घाबरू नका. ते बहुतेकदा जुन्या संगणकावरच्या खात्याच्या परवानग्यांचं भांडण असतं. प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटीत जाऊन मालकी घेतली की मिटतं.

टकटक असा ठराविक आवाज येत असेल तर मात्र वीज तोडा आणि पुन्हा लावू नका. आत डेटा वाचणारं हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. घरी झाकण उघडलं तर धुळीचा कणही पुरतो.

पाण्याचंही सांगायला हवं. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेलं तापीचं पाणी शहराच्या मोठ्या भागात शिरलं होतं. भिजलेली डिस्क चालते का, म्हणून लावून पाहू नये. तांदळाच्या डब्यात किंवा उन्हातही ठेवू नये. गाळ तबकडीवर वाळून घट्ट बसतो. ओलसरच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावी. २००३मध्ये कोसळलेल्या कोलंबिया अंतराळयानातली होरपळलेली डिस्कही अशा प्रयोगशाळेत वाचली गेली आणि तिच्यातल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८मध्ये छापून आले. अर्थात, तिच्या तबकडीला जिथे इजा झाली होती, तिथे डेटा नव्हता. साड्यांच्या डिझाइनांनी काठोकाठ भरलेल्या डिस्कला हे नशीब कुठून मिळणार? दुसरी प्रत कुठे आणि कशी ठेवायची, ते पुढच्या आठवड्यात.