देश तशी चव

‘देश तसा वेश’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु देश तशी चवही असते, हे मला पाठ्यपुस्तकाने नव्हे, तर च्युइंगमने शिकवले. विषय वाचून काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. कारण तासाला च्युइंगम चघळणाऱ्यास वर्गाबाहेर उभे राहावे लागते. तरीही हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी नम्र विनंती आहे.

माझा मामा व्यापारी बोटीवर खलाशी आहे. आठ-नऊ महिने समुद्रावर काढून तो गावी येतो. घरात भाचरे पुष्कळ आणि खिसा बेताचा. त्यामुळे तो प्रत्येक बंदरातून च्युइंगमची पाकिटे आणतो. वजन नाही, मोडतोड नाही आणि सर्वांना वाटता येते! एकेका कांडीचे दोन तुकडे करून आम्ही ती वाटून घेत असू. अशा रीतीने घोलवडच्या आमच्या ओटीवर बसून मी अर्धे जग चघळले आहे.

पहिले पाकीट अमेरिकेचे. त्याला दालचिनीची चव होती. तिकडे दालचिनी गोड पावात आणि सफरचंदाच्या पक्वान्नात घालतात, म्हणून त्यांना ती मिठाईची वाटते. आमच्याकडे ती मसाल्याच्या डब्यात असते. त्यामुळे धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, याला मटणाचा वास येतोय!” दुसरे पाकीट ‘विंटरग्रीन’चे. ही चवही अमेरिकेत आवडीची आहे. आजीने तुकडा तोंडात घातला आणि लगेच काढून तळहातावर ठेवला. “अगं, हे खायचं की गुडघ्याला चोळायचं?” आजीचे काही चुकले नव्हते. विंटरग्रीनच्या वासाचे मूळ द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट हे आहे आणि आपल्याकडच्या दुखण्यावरच्या मलमांत तेच असते. द्रव्य एकच, एका देशात ते खाऊ झाले, दुसऱ्या देशात औषध!

असे का व्हावे? आपण ज्याला ‘चव’ म्हणतो, तिचा मोठा भाग वस्तुतः वास असतो. नाक चिमटीत धरून गम चघळून पाहा. गोडी तेवढी कळेल, पण फळ कोणते ते सांगता येणार नाही. गमचा मूळ लगदा जवळजवळ बेचव असतो. त्यातील साखर काही मिनिटांत विरघळते आणि मागे वासच उरतो. पुदिन्याचा गारवा हीदेखील खरी थंडी नव्हे. थंडीची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना मेंथॉल चेतवते, एवढेच. वास आठवणीला चिकटून असतो. ज्या वासाची पहिली ओळख सणाच्या दिवशी झाली, तो आवडतो. ज्याची आजारपणात झाली, तो नकोसा होतो.

जपानच्या गमला ‘उमे’ नावाच्या आंबट फळाची चव होती. तो मात्र आमच्या घरी सर्वांना आवडला, कारण त्याने आवळासुपारीची आठवण करून दिली. त्या डबीत कोऱ्या कागदाचे लहान चिटोरेही होते. ते कशासाठी, हे आम्हांस कळेना. मामाने सांगितले, “चघळून झालं की त्यात गुंडाळायचं. रस्त्यात थुंकायचं नाही.” आम्ही त्या कागदांवर पाढे लिहिले.

ग्रीसचा गम बोटीवरच्या एका ग्रीक अधिकाऱ्याने मामाला दिला होता. किऑस बेटाच्या दक्षिण भागात ‘मस्तिका’ची झुडपे आहेत. खोडाला बारीक चिरा पाडल्या की डिंकाचे थेंब खाली पसरलेल्या पांढऱ्या मातीवर ठिबकतात. हा डिंक माणूस प्राचीन काळापासून चघळत आला आहे. 2014 साली युनेस्कोने तेथील मस्तिका पिकवण्याच्या परंपरेची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली. चव प्रथम कडवट, राळेसारखी. मग हळूहळू बरी वाटू लागते. आजीने हा मात्र थुंकला नाही. “देवळात बसल्यासारखं वाटतंय,” म्हणाली.

फिनलंडची गोष्ट अधिक नवलाची आहे. तेथे ज्येष्ठमधाच्या गोळ्यांत चक्क नवसागर घालतात आणि मुले त्या आवडीने खातात. आपल्याकडे ज्येष्ठमध घसा बसला की आठवते आणि नवसागर कल्हईवाल्याकडे असतो! त्याच देशातील तुर्कू शहरात 1970 नंतरच्या दशकात झायलिटॉल या गोड पदार्थाचे दातांवरील परिणाम अभ्यासले गेले आणि 1975 साली त्याचा गम बाजारात आला. दात किडवणाऱ्या जंतूंना साखरेपासून आम्ल बनवता येते, तसे झायलिटॉलपासून येत नाही. म्हणून आपल्याकडे जो गम वर्गाबाहेर काढतो, तो तिकडे जेवणानंतर दातांच्या भल्यासाठी दिला जातो.

सिंगापूरहून मात्र मामाने कधी गम आणला नाही. तेथे 1992 पासून त्याच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदी आहे. भुयारी रेल्वेच्या दारांना लोक चघळलेला गम चिकटवत आणि दारे बंद होत नसत. 2004 पासून दातांच्या उपयोगाचे आणि तंबाखू सोडवण्यासाठीचे गम तेवढे दंतवैद्याकडे वा औषधाच्या दुकानात मिळू लागले. बंदीमागे रसायनशास्त्रही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गमचा लगदा बहुतांशी कृत्रिम रबरापासून, म्हणजे प्लॅस्टिकच्या भावंडांपासून बनू लागला. तो कुजत नाही. रस्त्यावर पडला की वर्षानुवर्षे तसाच राहतो.

मग त्यापूर्वी गम कशाचा बनत असे? याचे उत्तर शोधायला मी ग्रंथालयात गेले आणि थक्क झाले. तो चिकूच्या चिकाचा बनत असे!

मेक्सिको, ग्वाटेमाला आणि बेलीझ येथील जंगलांत चिकूची झाडे मुळची. त्यांच्या चिकाला स्पॅनिश भाषेत ‘चिक्ले’ म्हणतात आणि त्या भाषेत च्युइंगमलाही आजतागायत तोच शब्द आहे. प्राचीन माया आणि अ‍ॅझटेक लोक हा चीक चघळत. सोळाव्या शतकातील सहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे, की अ‍ॅझटेकांत अविवाहित मुली चारचौघांत चघळत, लग्न झालेल्या बायकांनी मात्र तसे करणे शोभत नसे. हे वाचून मला आमची आत्या आठवली. “पोरीच्या जातीनं रस्त्यानं चघळत जाऊ नये,” असे ती म्हणते. पाचशे वर्षे आणि दोन महासागर मधे असूनही बायकांच्या तोंडावरचे लक्ष तेवढे सारखेच!

1869 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या टॉमस अ‍ॅडम्सने या चिकापासून रबर करू पाहिले. ते साधले नाही, तेव्हा त्याने त्याचा गम केला आणि 1871 साली त्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे मागणी एवढी वाढली, की ‘चिक्लेरो’ म्हणून ओळखले जाणारे मजूर पावसाळ्यात जंगलात राहू लागले. कमरेला दोर बांधून झाडावर चढायचे, कोयत्याने खोडाला नागमोडी खाचा पाडायच्या, खाली पिशवी बांधायची, जमलेला चीक उकळून त्याच्या विटा पाडायच्या, असे ते काम होते.

माझी आई चिकूच्या वाडीत मजुरी करते. तोडलेल्या चिकूच्या देठातून पांढरा चीक येतो. तो हातावर वाळतो, काळा पडतो आणि साबणाने निघत नाही; आधी तेल चोळावे लागते. प्रथम वर्षाला प्रवेश घेताना अर्जात ‘पालकांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ असे लिहिले होते. आमच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलींनी वाचू नये, म्हणून मी तो शब्द हाताने झाकलाही होता.

ग्रंथालयात वाचलेले मी त्या रात्री आईला सांगितले. ती हातांना तेल चोळत बसली होती. “म्हणजे आम्ही लहानपणी खोडावरचा चीक चघळायचो, ते बरोबरच होतं म्हणायचं!” असे म्हणून ती हसली. मग तिने एक प्रश्न विचारला. तो माझ्या मनात आलाच नव्हता.

“त्या माणसांना मजुरी किती मिळायची गं?”

मी पुन्हा पुस्तक उघडले. त्यांना हंगामाआधी उचल दिली जाई आणि मग चिकाच्या वजनावर ती फेडून घेतली जाई. अनेकांची फिटत नसे. ‘उचल’ म्हणजे काय, हे आईला समजावून सांगावे लागले नाही. “चव बदलते, हिशेब बदलत नाही,” एवढेच ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

यंदा द्वितीय वर्षाच्या अर्जात मी त्याच रकान्यात ‘चिकूच्या वाडीत मजुरी’ असे लिहिले. कार्यालयातील बाईंनी ते वाचले, शिक्का मारला आणि मागच्या मुलीचा अर्ज घ्यायला हात पुढे केला.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला