गावसकरच्या समोरचं टोक

चेतन चौहानचं नाव निघालं की पहिली आठवण निघते ती न झालेल्या शतकाची. ४० कसोटी, २०८४ धावा, १६ अर्धशतकं आणि शतक एकही नाही. दोन हजारांवर कसोटी धावा करूनही शतकाविना निवृत्त झालेला तो पहिलाच फलंदाज. पण सलामीवीराची किंमत शतकांवरून ठरवणं मला कधीच पटलेलं नाही.

जन्म बरेलीचा, १९४७चा. वडील लष्करात. त्यांची बदली झाली म्हणून मुलगा पुण्यात आला, वाडिया कॉलेजात शिकला आणि कमल भांडारकरांच्या हाताखाली तयार झाला. १९६९मध्ये मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी मिळाली, पण जागा टिकली नाही. मग त्याने रणजीत धावांचा रतीब घातला. १९७२-७३च्या मोसमात महाराष्ट्राकडून गुजरात आणि विदर्भाविरुद्ध द्विशतकं ठोकली. विदर्भाविरुद्ध मधू गुप्तेबरोबर ४०५ धावांची सलामी दिली. तरी निवड समितीचं मन फार काळ वळलं नाही. १९७५मध्ये तो दिल्लीला गेला. हरियाणाविरुद्ध मोडलेल्या जबड्यानिशी १५८ धावा केल्या, त्या तिथल्याच. अखेर १९७७-७८मध्ये ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या संघात त्याचं नाव आलं आणि पर्थला त्याने ८८ धावा केल्या.

तिथून पुढची तीन-चार वर्षं हा त्याचा खरा काळ. समोर सुनील गावसकर. दोघांनी मिळून तीन हजारांवर धावा केल्या, दहा शतकी सलाम्या दिल्या. १९७८मध्ये लाहोरला १९२. त्यात सुनील ९७, चेतन ९३. १९७९चं ओव्हल सुनीलच्या २२१साठी अजरामर झालं, आणि ते योग्यच. पण ४३८चं लक्ष्य आवाक्यातलं वाटू लागलं ते २१३च्या सलामीमुळे, आणि त्यातल्या ८० चेतनच्या होत्या. भारत ८ बाद ४२९वर थांबला. चेतनच्या फटक्यांत देखणेपण कमी, उभं राहण्यात मात्र कसूर नाही. चेंडू अंगावर घ्यायचा, पुन्हा गार्ड घ्यायचा. नव्या चेंडूची धार अशीच बोथट होते, आणि धावफलकावर त्याची नोंद कुठेच होत नाही.

१९८१चा ऑस्ट्रेलिया दौरा तर त्याचाच म्हणायला हवा. ॲडलेडला ९७वर वेगवान गोलंदाज डेनिस लिलीने त्याला बाद केलं. पुढच्याच कसोटीत, मेलबर्नला, सलामी १६५पर्यंत पोचली असताना कर्णधार सुनीलला पायचीत दिलं गेलं. बॅटला लागून चेंडू पॅडवर आला, असं त्याचं म्हणणं. लिलीशी वाजलं आणि संतापलेल्या कर्णधाराने चेतनलाही मैदानाबाहेर चालायला लावलं. सीमारेषेपाशी व्यवस्थापक शाहिद दुर्राणींनी त्याला अडवलं नसतं, तर सामना तिथेच हातचा गेला असता. तो परत फिरला. असल्या गोंधळानंतर लिलीसमोर पुन्हा लक्ष एकवटणं किती कठीण असेल! ८५वर तो बाद झाला. १४३ धावांच्या पाठलागात ऑस्ट्रेलिया ८३त गारद झाला. कपिल देवने २८ धावांत पाच बळी घेतले. मालिका बरोबरीत सुटली.

आणि एवढं सगळं करून, पुढच्याच महिन्यात न्यूझीलंडमध्ये तो शेवटची कसोटी खेळला. वय जेमतेम तेहेतीस. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडविरुद्ध सुनीलबरोबर सलामीला श्रीकांत आला. अर्जुन पुरस्कार, अमरोह्याची खासदारकी, उत्तर प्रदेशातलं मंत्रिपद हे सारं मिळालं. १६ ऑगस्ट २०२०ला कोरोनाने त्याला नेलं. पण लागोपाठच्या कसोटींत ९७ आणि ८५ अशा खेळ्या करणाऱ्या सलामीवीराला इतक्या लवकर बाजूला सारलं, हा निर्णय मला आजही अन्यायाचाच वाटतो.